हरणाऱ्यांची गर्दी, जिंकणारा एकटा

रस्त्याच्या डांबरीकरणासाठी पाच-सहा ठेकेदारांनी निविदा भरल्या, तर पाकिटं फोडल्यावर आकडे कसे दिसायला हवेत? प्रत्येकाची यंत्रं वेगळी, डोक्यावरचं कर्ज वेगळं, कामाची निकड वेगळी. म्हणजे आकडे विखुरलेलेच असणार. सर्वांत कमी दर भरणारा कधी दुसऱ्यापेक्षा जेमतेम खाली असेल, कधी बराच खाली. कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या डांबरकामाच्या जुन्या निविदा रॉबर्ट क्लार्क, देचिओ कोव्हिएल्लो आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा त्यांना निराळंच चित्र दिसलं. हरलेल्यांचे आकडे वर एकमेकांना खेटून बसलेले आणि त्यांच्या खाली, मध्ये मोकळी जागा सोडून, जिंकणारा एकटा. एखाद्या कामात असं झालं तर तो योगायोग म्हणता येईल. पण इथे ती सवयच होती.

या मोकळ्या जागेचं कारण कळलं की थक्क व्हायला होतं. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असेल, तर बाकीच्यांना एवढंच सांगितलेलं असतं की अमुक रकमेच्या वर राहा. फार वर गेलं तर निविदा हास्यास्पद दिसते, म्हणून ते सगळे त्या रकमेच्या जरा वर गर्दी करतात. आणि जिंकणाऱ्याला मध्ये अंतर हवंच असतं. कुणाची बेरीज चुकली, कुणाला ऐनवेळी मोह झाला, तर भलताच माणूस जिंकून जायचा. थोडक्यात, ही मोकळी जागा म्हणजे चोरांनी एकमेकांच्या चुकीपासून केलेला बचाव. तोंडं बंद ठेवण्यात ही माणसं पटाईत होती, पण आकड्यांमधल्या अंतराला गप्प बसवायचं कसं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंच भाषक प्रांत, माँट्रियल हे त्याचं सर्वांत मोठं शहर. तिथले प्रांत म्हणजे साधारण आपल्याकडची राज्यं. महापालिकांचे कायदे प्रांतच करतो. या प्रांतात २०१२ ते २०१४ या काळात न्यायमूर्ती फ्रान्स शार्बोनो यांच्या चौकशी आयोगापुढे सुमारे तीनशे जणांच्या साक्षी झाल्या. बांधकामाची सरकारी कंत्राटं कशी वाटली जातात, हा विषय. साक्षी थेट प्रक्षेपित होत होत्या आणि लोक कामधाम सोडून त्या बघत होते. त्या साक्षींबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त चकित केलं ते लाचेच्या रकमांनी नव्हे. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अनागोंदी येते, सगळं मोडकळीला आलेलं दिसतं. इथे उलट होतं. इतका नीट, वक्तशीर, दिल्या शब्दाला जागणारा कारभार त्या शहरात दुसरा कुठला चालू असेल असं वाटत नाही.

सुरुवात डांबरापासूनच करायला हवी. डांबरमिश्रित खडी प्रकल्पातून निघते ती दीडशे अंशांच्या आसपास तापलेली, आणि ती गार व्हायच्या आत रस्त्यावर पसरून रोलर फिरवावा लागतो. म्हणजे प्रकल्प कामापासून फार लांब असून चालत नाही. शंभर-दोनशे किलोमीटरवरचा ठेकेदार कितीही स्वस्त द्यायला तयार असला तरी त्याचा माल वाटेतच निकामी होणार. शहराच्या जवळ ज्यांचे प्रकल्प आहेत तेवढेच खरे स्पर्धक, आणि ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोजकी माणसं, वर्षानुवर्षं तीच, एकमेकांची पूर्ण ओळख असलेली. संगनमताला लागणारी अर्धी सोय त्या पदार्थाच्या गुणधर्मानेच करून ठेवली होती. फूटपाथ, गटारं, जलवाहिन्या यांचंही थोड्याफार फरकाने तेच. अवजड यंत्रं आणि अवजड माल, त्यामुळे धंदा मूळचा स्थानिक.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या आवारात उठबस असलेल्या कुणालाही ठेकेदारांची रिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माँट्रियलची रिंग अगदी भिशीसारखी चालायची. या खेपेला तुझा नंबर, पुढच्या खेपेला माझा, आणि ज्याचा नंबर नाही त्यानेही हप्ता चुकवायचा नाही. हप्ता म्हणजे हरण्यासाठी भरलेली निविदा. लिनो झाम्बिटो या माजी ठेकेदाराने २०१२ च्या शरद ऋतूत आयोगाला सगळी पद्धत उलगडून सांगितली. ज्याचा नंबर असेल तो बाकीच्यांना फोन करायचा आणि कुणी किती रक्कम भरायची ते सांगायचा. कागद पूर्ण, अनामत भरलेली, सह्या-शिक्के जागच्या जागी. बाहेरून बघणाऱ्याला पाच निविदा दिसायच्या, नियमाप्रमाणे सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळालेलं दिसायचं. एकही नियम मोडलेला दिसत नसे. रिंगबाहेरच्या कुणी निविदेचे कागद नेले असतील तर त्याची खबर पालिकेतूनच लागायची आणि त्या माणसाला समजवायला कुणीतरी जायचं.

आता या यंत्रातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. ठेकेदार संगनमत करून दर चढवतीलच, म्हणून तर पालिकेचे अभियंते आधी स्वतःचं अंदाजपत्रक तयार करतात. निविदा त्याच्या फारच वर गेल्या तर फेरनिविदा. मग हा पहारा निकामी कसा झाला? अंदाजपत्रक करणाऱ्या जिल सुर्प्रनाँ या अभियंत्याने साक्षीत कबूल केलं की ठेकेदारांकडून पैसे घेऊन तो अंदाजच वाढवायचा. एवढंच असतं तर ती साधी लाचखोरी झाली असती. पण अंदाजपत्रक बांधताना माणूस काय बघतो? मागच्या वर्षी एक मीटर पाइपलाइनला काय पडलं, एक चौरस मीटर फूटपाथला काय पडलं. एकदा चढवलेला दर दप्तरात गेला की पुढच्या वर्षी तोच आधार होतो. त्याच्यावर पुन्हा थोडी चढण, की त्याच्या पुढच्या वर्षीचा आधार आणखी वर. काही वर्षांनी परिस्थिती अशी होते की लाचेला हात न लावणारा, सरळमार्गी अभियंता त्याच टेबलावर येऊन बसला तरी त्याचाही अंदाज तितकाच फुगलेला निघतो. त्याच्या हाताशी खरा दर सांगणारा एकही कागद उरलेला नसतो. मोजायची पट्टीच खोटी झालेली असते आणि ती कुणी कधी वाढवली हे पट्टीवर लिहिलेलं नसतं.

सुर्प्रनाँने घेतलेल्या पैशांचा हिशेब सात लाख डॉलरच्या आसपास गेला. तो पैसा ठेवायचा कुठे, हा त्याला खरंच पडलेला प्रश्न होता. बँकेत भरता येत नाही, फार उधळला तर शेजारी बघतात. बराचसा पैसा त्याने माँट्रियलच्या कॅसिनोत घालवला. हा कॅसिनो प्रांत सरकारच्या मालकीचा, त्यामुळे पैसा एका अर्थी सरकारलाच परत गेला, असं त्याने आयोगाला सांगितलं. उरलेले १,२२,८०० डॉलर रोख त्याने चौकशी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. ल्यूक लक्लेर हा त्याचा सहकारी कामावर देखरेख करायचा. काम चालू असताना ‘जादा काम निघालं’ म्हणून वाढीव बिलं मंजूर करणं हा त्याचा भाग. त्यानेही सुमारे पाच लाख डॉलर घेतल्याचं सांगितलं, शिवाय गोल्फच्या सहली, दारूच्या बाटल्या, हॉकीच्या सामन्यांची तिकिटं. नाताळच्या भेटीने सुरू होतं आणि नकार द्यायची वेळ कधी निघून गेली हे कळतच नाही, हे त्या साक्षींमधून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे.

टक्केवारीही ठरलेली. झाम्बिटोच्या साक्षीनुसार कंत्राटाच्या रकमेतले अडीच टक्के माफियाला, तीन टक्के महापौरांच्या ‘युनियन माँट्रियल’ या पक्षाला आणि सुर्प्रनाँला एक टक्का. महापौर जेराल्ड त्राँब्ले यांनी आपल्याला याची काही कल्पना नव्हती असं कायम सांगितलं आणि त्यांच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झालं नाही. ते खरंही असेल. पण त्यातून पुढे येणारा प्रश्न जास्त अवघड आहे. शहराचा प्रमुख काही न कळता दहा वर्षं खुर्चीवर बसू शकतो, तर मतदाराने नेमका भरवसा कशावर ठेवायचा?

पक्षांच्या देणग्यांची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. १९७७ मध्ये रने लव्हेक यांच्या सरकारने क्वेबेकमध्ये एक कायदा केला. पक्षांना कंपन्यांनी देणगी द्यायची नाही, कामगार संघटनांनीही द्यायची नाही. फक्त मतदाराने, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खिशातून द्यायची. हा कायदा त्या काळी खूप पुढचा होता आणि क्वेबेकच्या लोकांना त्याचा रास्त अभिमान होता. मग कंपन्यांनी काय केलं? कायद्याला नाव हवं होतं, त्यांनी नावं जमवली. अभियांत्रिकी सल्लागार कंपन्यांमधले अधिकारी, कर्मचारी, त्यांच्या बायका यांच्या नावाने धनादेश जायचे आणि ती रक्कम बोनसच्या किंवा दुसऱ्या कुठल्या रूपाने त्यांना परत मिळायची. कागदोपत्री शेकडो नागरिकांनी लोकशाहीवरच्या प्रेमापोटी दिलेल्या देणग्या, प्रत्यक्षात एका कंपनीची एक गुंतवणूक. देणगीची वार्षिक कमाल मर्यादा तेव्हा ३,००० डॉलर होती. ती आधी १,००० वर आणली गेली आणि २०१३ पासून प्रांतातल्या पक्षांसाठी अवघी १०० डॉलर. इतक्या लहान रकमेसाठी नावं गोळा करत बसणं कुणालाही परवडत नाही. पक्षांचा खर्च आता मुख्यतः सरकारी तिजोरीतून, मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भागतो. मला हा उपाय फार हुशारीचा वाटतो.

माफियाच्या हिश्श्याचा पुरावा मात्र कुणी शोधायला गेलंच नव्हतं. तो आधीपासून पडून होता. केंद्रीय पोलिसांनी २००२ ते २००६ या काळात अमली पदार्थांच्या तपासासाठी माँट्रियलच्या सँ-लिओनार भागातल्या ‘कॉन्सेंझा’ या कॅफेत छुपे कॅमेरे लावले होते. निकोलो रिझुतो या माफिया म्होरक्याचा तो अड्डा. त्या चित्रणात बांधकाम ठेकेदार येताना-जाताना दिसत होते, टेबलावर नोटा मोजल्या जात होत्या आणि म्हातारा रिझुतो वाकून नोटांची पुडकी पायमोज्यात खोचताना दिसत होता. तपास अमली पदार्थांचा असल्याने हे चित्रण विषयाबाहेरचं ठरलं आणि बाजूला पडलं. आयोगाने ते मागितलं तेव्हा पोलिसांनी न्यायालयात विरोध केला आणि ते हरले. सप्टेंबर २०१२ मध्ये सगळ्या क्वेबेकने ते पायमोजे टीव्हीवर पाहिले.

हे सगळं उघड्यावर येण्यामागे मोठा वाटा पत्रकारांचा. रेडिओ-कॅनडाच्या ‘आंकेत’ या शोधकार्यक्रमाने २००९ पासून एकामागून एक प्रकरणं बाहेर काढली. २०१० मध्ये ‘मॅक्लीन्स’ या इंग्रजी साप्ताहिकाने मुखपृष्ठावर क्वेबेकला देशातला सर्वांत भ्रष्ट प्रांत ठरवलं, आणि कॅनडाच्या संसदेने त्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला. प्रांताचे पंतप्रधान जाँ शारे चौकशी आयोग नेमायला दोन वर्षं तयार नव्हते. पोलिसांना त्यांचं काम करू द्या, हे त्यांचं उत्तर. माँट्रियलचे माजी पोलीसप्रमुख झाक ड्युशेनो यांनी वाहतूक खात्यासाठी केलेला अहवाल सप्टेंबर २०११ मध्ये फुटला आणि मग इलाज उरला नाही. तरीही ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या आयोगाला साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचे अधिकारच दिले नव्हते. गदारोळ झाल्यावर काही आठवड्यांनी ते दिले गेले.

मग पडझड झाली. ५ नोव्हेंबर २०१२ ला त्राँब्ले यांनी राजीनामा दिला. चारच दिवसांनी शेजारच्या लाव्हाल शहराचे महापौर जिल वायांकूर पायउतार झाले. ते २३ वर्षं त्या पदावर होते. पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. स्वित्झर्लंडमधल्या खात्यातले लाखो डॉलर त्यांना परत करावे लागले. माँट्रियलमध्ये स्वच्छ कारभाराचं वचन देत मायकेल अ‍ॅपलबॉम हंगामी महापौर झाले, आणि सातच महिन्यांत त्यांनाच अटक झाली. २०१७ मध्ये तेही दोषी ठरले, बारा महिन्यांची कैद झाली. प्रकरण महापौर होण्याआधीचं होतं, शहराच्या एका विभागाचे प्रमुख असतानाचं.

इतकं होऊनही लोकांचा विश्वास का परतला नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. माँट्रियलच्या कारभाराची पहिली मोठी न्यायालयीन चौकशी १९०९ मध्ये झाली. १९५० च्या दशकात जुगार आणि पोलिसांच्या साटेलोट्याची चौकशी झाली, आणि ती चालवणाऱ्यांपैकी जाँ द्रापो हे तरुण वकील लगेच महापौर झाले. १९७४ मध्ये जेम्स बे जलविद्युत प्रकल्पाच्या जागेवर कामगार संघटनेच्या दांडगाईतून प्रचंड मोडतोड झाली, तेव्हा क्लिश आयोग बसला. त्याच्या सदस्यांपैकी ब्रायन मलरोनी पुढे देशाचे पंतप्रधान झाले, आयोगाच्या वकिलांपैकी ल्युसियाँ बुशार प्रांताचे पंतप्रधान झाले. म्हणजे दर पिढीला एक आयोग, दर आयोगातून नवे नेते, आणि पुढच्या पिढीला पुन्हा आयोग. आजोबांनी जे ऐकलं तेच नातवाने ऐकलं तर तो हताश होणार नाही तर काय? २००९ च्या पालिका निवडणुकीत माँट्रियलमध्ये ४० टक्क्यांहून कमी मतदान झालं. आयोग, राजीनामे, शिक्षा सगळं घडून गेल्यावर २०२१ मध्येही ते ४० टक्क्यांच्या आतच होतं.

त्यात न्यायाची चालही गोंधळात टाकणारी. आयोग सत्य शोधतो, शिक्षा देत नाही. शिक्षा न्यायालय देतं, पण त्याचे पुराव्याचे निकष फार कडक असतात, आणि ते तसेच असायला हवेत. २०१६ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने खटल्यांना मुदत घालून दिली: खालच्या न्यायालयात १८ महिने, वरच्या न्यायालयात ३०. प्रांताच्या माजी उपपंतप्रधान नाताली नॉर्मांदो यांना २०१६ मध्ये अटक झाली होती. उशीर झाला म्हणून २०२० मध्ये त्यांच्यावरचा खटला थांबवला गेला. त्या दोषी ठरल्या नाहीत आणि निर्दोष ठरण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. शारे यांच्या पक्षाच्या निधीचा भ्रष्टाचारविरोधी पथकाने वर्षानुवर्षं केलेला तपास २०२२ मध्ये आरोपपत्राशिवाय बंद झाला. वर त्या तपासातली शारे यांची खासगी माहिती फुटल्याबद्दल ३,८५,००० डॉलरची भरपाई त्यांना देण्याचा आदेश न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. आणि खुद्द आयोगात एकमत नव्हतं. नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात न्या. शार्बोनो यांनी पक्षांना मिळणारा पैसा आणि कंत्राटं यांचा संबंध मांडला, तर सहआयुक्त रनो लाशांस यांनी प्रांत सरकारच्या पातळीवर असा संबंध सिद्ध झालेला नाही अशी भिन्न नोंद केली. सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं? ज्याला जे मानायचं त्याला ते मानायला कागद मिळाला. माझ्या मते विश्वासाची खरी हानी इथे झाली. चोरी उघड होण्याने लोक चिडले होते, पण चिडलेल्या लोकांना अजून काहीतरी अपेक्षा असते. खटले विरत गेले तशी ती अपेक्षाच गेली.

तरीही काहीच बदललं नाही असं म्हणणं चूक ठरेल, आणि ते दाखवून दिलं पुन्हा त्या निविदांच्या आकड्यांनीच. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलच्या डांबरकामाची तुलना क्वेबेक सिटी या शहराशी केली, कारण पोलिसांचा संगनमताचा तपास तिथल्या बाजाराबद्दल नव्हता. तपास सुरू झाल्यावर माँट्रियलमधले दर त्या शहराच्या तुलनेत खाली आले आणि निविदा भरणारे वाढले. हे शिक्षा होण्याच्या कितीतरी आधी, नुसतं कुणीतरी बघतंय हे कळल्यावर. २०१२ च्या अखेरीस प्रांताने कायदा केला की मोठं सरकारी कंत्राट हवं असेल तर कंपनीने आधी सचोटीची तपासणी पार करायची. ज्यांनी गैरमार्गाने पैसे घेतले त्यांनी आपणहून परत करावेत अशी योजना आणली, आणि तिच्यातून सुमारे साडेनऊ कोटी डॉलर सरकारी संस्थांकडे परत आले.

माँट्रियलने २०१४ मध्ये स्वतःचा महानिरीक्षक नेमला. पहिले महानिरीक्षक डनी गालाँ हे शार्बोनो आयोगाच्या वकिलांपैकीच. या पदाचं वेगळेपण असं की संशय आला तर नुसता अहवाल देऊन थांबायचं नाही, कंत्राट थेट रद्द करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. नगरसभेला तो निर्णय फिरवता येतो, पण त्यासाठी तिला उघडपणे तसं मतदान करावं लागतं. या कार्यालयाने सुरुवातीलाच हात घातला तो रस्त्यांवरचा बर्फ उचलण्याच्या कंत्राटांना. माँट्रियलचा हिवाळा लांबलचक, कोट्यवधी डॉलरचं काम, अवजड यंत्रं, मोजके ठेकेदार, शहराचे भाग आपसांत वाटून घ्यायला सोपे. निरीक्षकांनी ठेकेदारांना एकेक करून बोलावलं, जुन्या निविदा पुन्हा मांडल्या आणि जून २०१५ मध्ये, म्हणजे शार्बोनो आयोगाचा अहवाल छापून यायच्या पाच महिने आधी, जाहीर केलं की बर्फाच्या कामातही संगनमताच्या खुणा सापडल्या आहेत.